परत फिरूया, साहेब

निपाणी सोडली, तवंदीचा घाट चढून वर आले, की संकेश्वर, हत्तरगी करत बेळगाव येईपर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना मोकळा माळ आणि वर मोकळे आकाश. एप्रिल-मे महिन्यांत या आकाशात दुपारनंतर वळवाचे ढग चढू लागतात. शेतातला माणूस एकदा वर बघतो आणि हातातले काम टाकून कडबा झाकायला धावतो. ढगाचे रूप बघून काम सोडायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. बेळगावच्या पूर्वेला, सांबऱ्याच्या बाजूला, गेल्या काही वर्षांत याच आकाशात आणखी एक गोष्ट दिसू लागली. एका पंख्याची, दोन-चार माणसे मावतील एवढी शिकाऊ विमाने.

त्यातले एक विमान ३० मे २०२३ रोजी सांबऱ्याहून उडाले आणि थोड्याच वेळात जवळच्या होन्निहाळ गावाच्या शेतात उतरवावे लागले. तांत्रिक बिघाड झाला होता. आतले दोघेही किरकोळ जखमांवर बचावले. गावकरी जमले, मोबाइलवर फोटो निघाले, वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी बातमी आली आणि विषय संपला. मला मात्र ती बातमी पुरेशी वाटली नाही. ते दोघे का वाचले आणि बाकीचे का वाचत नाहीत, हा प्रश्न त्यानंतर बरेच दिवस डोक्यात राहिला. त्यातून जे वाचले, जुळवले, ते इथे मांडतो आहे.

सांबरा हे नाव आम्हा गोवेकरांना तसे परके नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिशांनी ही धावपट्टी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी तयार केली. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईत याच धावपट्टीवरून भारतीय वायुसेनेची हंटर विमाने उडाली आणि त्यांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. म्हणजे आमच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात सांबऱ्याला एक छोटीशी का होईना, जागा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंचीवरचा हा माळ. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, चोर्ल्याचा घाट, वर आंबोली, जिथे पाऊस महाराष्ट्रात सर्वांत जास्त पडणाऱ्या ठिकाणांइतका पडतो. तिथून काही मैल पूर्वेला आले की पाऊस एकदम ओसरतो आणि निपाणीचे तंबाखूचे रान लागते. इतक्या थोड्या अंतरात हवा इतकी बदलते. चोर्ल्यातून पावसाळ्यात गाडी चालवलेल्या कोणालाही हे सांगायला नको. तिथे निदान गाडी बाजूला लावून धुके निवळायची वाट पाहता येते. हवेत ती सोय नाही.

छोट्या विमानांचे अपघात मोठ्या विमानांपेक्षा जास्त होतात, आणि त्यांची कारणे फारशी गूढ नसतात. मोठ्या विमानाची बातमी महिनोनमहिने चालते. छोट्या विमानाची बातमी चार ओळींत संपते. आत कोणी मोठे नाव असेल तरच ती लांबते. म्हणून मोठ्या नावांपासूनच सुरुवात करू.

२३ जून १९८०. संजय गांधी दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून पिट्स एस-२ए हे कसरतीचे छोटे विमान घेऊन उडाले. सोबत कॅप्टन सुभाष सक्सेना. कमी उंचीवर कसरत करताना ताबा सुटला आणि दोघेही गेले. विमानाच्या कसरतीत चूक होऊ शकते. उंची हाताशी असेल तर ती चूक निस्तरायला वेळ मिळतो. उंची नसेल तर मिळत नाही. या अपघाताचे सार एवढेच.

९ जुलै १९९४. पंजाबचे राज्यपाल सुरेंद्र नाथ कुटुंबीयांसह राज्य सरकारच्या किंग एअर विमानातून जात होते. पावसाळी हवेत ते विमान हिमाचल प्रदेशातल्या डोंगरावर आदळले. कोणी वाचले नाही. विमान धडधाकट असते, इंजिन चालू असते, वैमानिकाच्या हातात ताबा असतो, आणि तरीही समोर डोंगर आहे हे ढगामुळे कळत नाही. जगभरात असे शेकडो अपघात झाले आहेत.

१७ एप्रिल २००४. कर्नाटकात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुकांची धामधूम होती. कन्नड-तेलुगू चित्रपटांतली लाडकी अभिनेत्री सौंदर्या बंगळूरच्या जक्कूर धावपट्टीवरून सेस्ना १८० विमानाने प्रचारासाठी करीमनगरला निघाली होती. उड्डाणानंतर काही क्षणांतच विमान वळले आणि कृषी विद्यापीठाच्या आवारात कोसळून पेटले. ती, तिचा भाऊ, वैमानिक आणि पक्षाचे एक कार्यकर्ते असे चौघे गेले. बेळगाव-निपाणीकडची मराठी माणसे कन्नड चित्रपटही आवडीने पाहतात. त्यांना हा धक्का चांगलाच आठवत असेल. गिरीश कासारवळ्ळींचा 'द्वीप' हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपट तिनेच निर्माण केला होता. 'आप्तमित्र' तर तिच्या मृत्यूनंतर पडद्यावर आला.

आणि या सगळ्यांच्या मध्ये, ३० सप्टेंबर २००१, माधवराव शिंदे.

मराठी माणसाला ग्वाल्हेरचे शिंदे म्हणजे साताऱ्याच्या कण्हेरखेडचे शिंदे. माधवरावांची एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. १९९१ पासून ते नागरी विमान वाहतूक मंत्री होते. ९ जानेवारी १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सने भाड्याने घेतलेले उझबेकिस्तानचे टुपोलेव्ह विमान दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले आणि जळाले. सगळे प्रवासी वाचले. एकही माणूस दगावला नसताना माधवरावांनी नैतिक जबाबदारी म्हणून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. धुके आणि उतरण्याची घाई काय करू शकते, हे ज्यांनी खात्याच्या प्रमुखपदावरून पाहिले होते, त्यांचाच शेवट आठ वर्षांनी एका छोट्या विमानात व्हावा, हा योग काही चांगला नव्हे. परतीच्या पावसाचे दिवस होते. कानपूरला काँग्रेसची सभा होती. दिल्लीहून निघालेले बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० खराब हवेत उत्तर प्रदेशातल्या मैनपुरी जिल्ह्यात कोसळले. माधवराव, त्यांचे सचिव, चार पत्रकार आणि दोन वैमानिक असे आठजण गेले. माधवराव ५६ वर्षांचे होते. त्यांचे नाव सगळ्यांना आठवते. त्यांच्याबरोबर नोकरीचा भाग म्हणून गेलेले ते चार पत्रकार किती जणांना आठवतात, कोण जाणे.

आता कारणांकडे येऊ. ढगात शिरल्यावर नेमके काय होते? आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. शरीराचा तोल त्यांच्यावर चालतो. पण हे साधन जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याचे आहे. वळण अगदी सावकाश सुरू झाले तर या नळ्यांना ते कळतच नाही. आणि वळण बराच वेळ चालू राहिले तर आतला द्रव स्थिरावतो व मेंदू म्हणतो, आपण सरळच चाललो आहोत. जत्रेतल्या चक्रीतून उतरल्यावर जमीन फिरते असे वाटते, ते याच गोष्टीचे उलटे टोक. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तोवर डोळे ही चूक सुधारून घेतात. ढगात, धुक्यात किंवा काळोख्या समुद्रावर क्षितिजच नाहीसे होते. विमान एका कुशीवर कलत, वळत, खाली जात असते आणि वैमानिकाला शपथेवर वाटते की ते सरळ आहे. अशा वेळी समोरचे कृत्रिम क्षितिज दाखवणारे यंत्र खरे आणि आपले अंग खोटे, असे मानावे लागते. हे मानणे फार कठीण असते. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि सततचा सराव लागतो. १६ जुलै १९९९ रोजी अमेरिकेत जॉन केनेडी धाकटे, त्यांची पत्नी आणि मेव्हणी असे तिघे रात्रीच्या धुरकट हवेत समुद्रात कोसळले, तेव्हा चौकशीने हेच कारण दिले. विमान स्वतः केनेडी चालवत होते.

याच विषयावरचा एक प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यंत्रांच्या आधाराने उडण्याचे प्रशिक्षण नसलेले २० जण घेतले. त्यांना हवेत नेऊन, बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिले. सोबत अर्थातच जाणकार शिक्षक होता. विसातल्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ निघाली १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत! पण प्रयोग तिथे थांबला नाही, आणि माझ्या मते खरा धडा पुढेच आहे. त्याच माणसांना नंतर एक साधी पद्धत शिकवली: ढगात शिरलात असे कळताच हात शांत ठेवा, यंत्राकडे बघत हळूहळू अर्धे वर्तुळ वळा आणि जिथून आलात तिथे परत जा. हे शिकल्यावर बहुतेक प्रत्येक वेळी ते सुखरूप बाहेर आले. त्या अभ्यासाचे नावच मुळी अर्ध्या वर्तुळाच्या वळणावरून पडले आहे. मागची हवा स्वच्छ होती हे आपण नुकतेच बघितलेले असते. पुढे काय आहे ते ठाऊक नसते. तरीही माणूस पुढेच जातो.

वळवाच्या ढगात तर नुसती दृष्टी जात नाही. या ढगाच्या पोटात हवेचे प्रचंड लोट वर चढत असतात आणि शेजारीच तितक्याच जोराने खाली येत असतात. छोट्या विमानाच्या इंजिनाची ताकद त्यापुढे तोकडी पडते. २५ मे २०११ रोजी पाटण्याहून रुग्णाला घेऊन दिल्लीला येणारे पिलाटस जातीचे रुग्णवाहक विमान खराब हवेत फरिदाबादच्या एका वस्तीवर कोसळले. आतले सात आणि जमिनीवरचे तीन असे दहाजण गेले. ते तिघे आपापल्या घरी होते. विमानप्रवासाचा कुठलाही धोका त्यांनी पत्करला नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर गैरसमज होईल. परत फिरणे हे प्रत्येक वेळी योग्य नसते. उड्डाण होताच, अगदी कमी उंचीवर इंजिन बंद पडले, तर मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह जीवघेणा ठरतो. वळताना पंखांवरचा भार वाढतो, वेग घटतो, आणि ठरावीक वेगाखाली पंखाची उचल एकाएकी नाहीशी होते. मग विमान दगडासारखे पडते. सांबऱ्यासारख्या उंचावरच्या जागी मे महिन्याच्या उन्हात हवा आणखी विरळ, त्यामुळे इंजिन आणि पंख दोघांचीही ताकद थोडी कमीच. म्हणून शिकाऊ मुलांना पहिल्यापासून बजावतात की खाली असताना इंजिन गेले तर विमानाचा लोभ सोडा, साधारण समोर दिसेल ते शेत पकडा. होन्निहाळला विमान शेतात गेले आणि माणसे घरी गेली. दोन्ही बाबतींत शिकवण एकच आहे असे मला वाटते. ठरलेल्या जागी पोचण्याचा हट्ट वेळेवर सोडायचा. कधी मागे वळून, कधी समोरच्या शेतात उतरून.

तिसरे कारण देखभालीचे. २८ जून २०१८ रोजी मुंबईत जुहूहून चाचणी उड्डाणासाठी निघालेले जुने किंग एअर सी-९० घाटकोपरच्या भर वस्तीत, एका बांधकामाच्या जागेवर पडले. पावसाळी दिवस होता. दोन वैमानिक, दोन तंत्रज्ञ आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाचजण गेले. बांधकामावरचे मजूर जेवणाच्या सुट्टीवर होते म्हणून आकडा तिथेच थांबला. हेच विमान पूर्वी उत्तर प्रदेश सरकारच्या ताफ्यात होते, मग विकले गेले. मोठ्या विमान कंपनीकडे स्वतःचे तंत्रज्ञ, सुटे भाग आणि नोंदी ठेवणारी यंत्रणा असते. एखाद-दुसरे विमान बाळगणाऱ्याकडे ती असतेच असे नाही. वापरलेली मोटार घेताना आपण निदान ओळखीच्या मेकॅनिकला दाखवतो. इथे तर डोक्यावरून उडणारी वस्तू.

हवा, कमी उंची, देखभाल, डोंगर. ही झाली कागदावर लिहिली जाणारी कारणे. पण त्यांच्या मागे आणखी एक कारण असते, आणि ते समजायला विमानविद्या लागत नाही. सरकारी कचेरीत चार वर्षे काढलेली पुरतात. मी तर वीसहून अधिक काढली आहेत.

बड्या पाहुण्यांचा दौरा असला की मिनिटामिनिटाचा कार्यक्रम टाइप होतो. १०.२० आगमन, १०.२५ प्रयाण, १०.४० दीपप्रज्वलन. असे कागद मी कितीतरी टाइप केले आहेत. त्यात स्वागताला कोण, हार कोणाच्या हातात, पाण्याच्या बाटल्या कोणत्या टेबलावर, सगळे असते. 'हवा ठीक नसल्यास' असा रकाना मात्र मी आजतागायत कुठल्याही दौऱ्याच्या कागदावर पाहिलेला नाही. हा कागद पुढे वैमानिकाच्याही हातात जातो. सभेला हजारो लोक बसले आहेत, फोनवर फोन येताहेत, मागच्या आसनावरचे साहेब घड्याळ बघताहेत. अशा वेळी पुढे बसलेल्या पगारदार माणसाने मान वळवून 'साहेब, परत फिरूया' म्हणायचे! आपल्याकडे साहेबांना 'ही फाइल नियमात बसत नाही' एवढे सांगायलाही माणसे तीन दिवस धीर गोळा करतात. कुठल्या एका अपघातात असे दडपण होते, असा आरोप मी करत नाही. गेलेल्या माणसांवर तर मुळीच नाही. पण आपल्या कामाच्या रीतीत हे दडपण मुरलेले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. निवडणुकीच्या हंगामात नेत्यांची विमाने आणि हेलिकॉप्टरे गावोगाव उतरतात. जी. एम. सी. बालयोगी (२००२), वाय. एस. राजशेखर रेड्डी (२००९), दोरजी खांडू (२०११) हे तिघे हेलिकॉप्टरच्या अपघातांत गेले. बेळगावात सुवर्ण विधानसौध झाल्यापासून हिवाळी अधिवेशनाला मंत्र्यासंत्र्यांची ये-जा सांबऱ्यावरून होते. म्हणजे हा प्रश्न दिल्ली-हैदराबादचा नाही, आपल्या दारातला आहे.

आणि केवळ साहेबांचाही नाही. सांबरा, बारामती, गोंदियाजवळची बिरसी, शिरपूर इथे मुले-मुली विमान चालवायला शिकली, शिकताहेत. साध्या घरांतले आईबाप त्यासाठी कर्ज काढतात. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले शिकाऊ विमान पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्याच्या जंगलात कोसळले आणि आतले दोघेही गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने पडली. सुदैवाने कोणी दगावले नाही. शिकाऊ वैमानिकावर दडपण वेगळे असते: उड्डाणाचे ठरलेले तास भरायचे आहेत, पैसे संपत आले आहेत, आजची पाळी गेली तर पुन्हा कधी मिळेल? त्यालाही 'आज नको' म्हणायला जीभ उचलत नाही.

२०१२ साली विमान अपघातांच्या तपासासाठी एक वेगळा विभाग स्थापन झाला आणि त्याचे अहवाल जनतेसाठी खुले असतात. ही चांगली गोष्ट झाली. ते अहवाल इंग्रजीत, रूक्ष भाषेत असतात, पण वाचण्यासारखे असतात. त्यांतल्या शिफारसी थोड्याफार फरकाने त्याच त्या दिसतात. आपल्याकडे अहवाल येईपर्यंत बातमी विरून जाते आणि अपघाताचा ठपका नशिबावर जातो. 'वेळ आली होती' असे आपण म्हणतो. ज्यांचे माणूस गेले त्यांना त्या शब्दांचा आधार वाटत असेल, तर त्यांनी जरूर म्हणावे. बाकीच्यांनी म्हणू नये.

माघार हा शब्द आपल्याला लागतो. पण शिंद्यांच्याच घराण्यात उलटे उदाहरण आहे. १७६१ साली पानिपतात सगळे संपल्यावर जखमी महादजी रणातून निघाला. पाय कायमचा अधू झाला होता. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्याला वाचवून दक्षिणेत आणले असे सांगतात. तेव्हा त्याला कोणी पळपुटा म्हटले असेल की नाही, माहीत नाही. पण दहा वर्षांनी, १७७१ साली, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या, तेव्हा त्यांत महादजी होता. तो त्या दिवशी मागे फिरला नसता तर पुढची मराठेशाही वेगळी झाली असती.

दौऱ्याच्या कागदावर एक रकाना वाढवणे काही फार कठीण नाही. टाइप करायला अर्धे मिनिट लागते. 'हवा ठीक नसल्यास कार्यक्रम रद्द, निर्णय वैमानिकाचा.' त्याखाली सही मात्र साहेबांनी आधीच, जमिनीवर असतानाच, केली पाहिजे.